साडेसत्तेचाळीस इंच

गुणवंतला राग यायला कारण लागत नसे. कारण सापडलं नाही तर त्याचाही त्याला राग येई. जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात, पॅटर्न शॉपात त्यानं बत्तीस वर्षं लाकडाचे नमुने घडवले होते. त्या नमुन्यांवरून वाळूचे साचे निघत आणि साच्यांत धातू ओतला जाई. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण नजर तीच राहिली. घरातला पाट, गल्लीतला खांब, जावयांच्या मिशा, जगात एकही गोष्ट त्याला सरळ दिसत नसे. बायको कलावती म्हणे, "याईले देवानं डोळे नाही देल्ले, सुताराचा गुण्या देल्ला." त्यावरही तो चिडे, कारण त्यांच्या घरात देव नव्हता, बुद्ध होते.

विभावरी ही त्याची धाकटी मुलगी. मोठ्या दोघी लग्न होऊन नागपूरला गेल्या, ही इलेक्ट्रॉनिक्स शिकून एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवत होती. मार्चमध्ये तिनं ती नोकरी सोडली आणि लोकांच्या घरी होम थिएटर बसवून द्यायचं काम घेतलं. गुणवंत आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "स्पीकरची खोकी कोणाकडून करवशील? बाजारातले सुतार तुले फसवतील." विभाला बापाची भाषा कळत होती. मदत करतो असं त्याला सरळ म्हणता येत नव्हतं.

पहिलं मोठं काम तिलवारा रोडवरच्या देवीदासजींचं. हा ठेकेदार माणूस, मूळचा भंडाऱ्याकडचा, दोन पिढ्या जबलपुरात. नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर त्यांनी सिनेमाची खोली केली होती. पडद्याखाली काळ्या ग्रॅनाइटचा कोनाडा, बरोबर चार फूट रुंद. त्यात खर्जाचा घुमणारा आवाज काढणारा सबवूफर बसायचा होता. अठरा इंची वूफर आणि त्याला साजेसा भलाथोरला खोका. देवीदासजींचे शेजारी लक्ष्मणराव रोज येऊन बघून जात. "यांच्याकडे जमलं तर पुढचं माझ्याकडे," असं त्यांनी विभाला सांगून ठेवलं होतं, आणि त्यांच्या मागे त्याच कॉलनीतली आणखी दोन घरं होती. हे काम जमलं तर विभाचं बस्तान बसणार होतं, फसलं तर पुन्हा शाळेच्या पायऱ्या.

विभानं चार रात्री बसून नकाशा काढला. खोका साडेसत्तेचाळीस इंच रुंद, म्हणजे कोनाड्यात दोन्ही अंगांना पाव-पाव इंच मोकळं. उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक उभी फट, तिला ती पोर्ट म्हणे. आतली हवा त्या फटीतून ये-जा करणार. "तिचं माप चुकलं न बाबा, तर खोका गुरगुरत नाही, नुसता फुसफुसतो," असं तिनं समजावलं. गुणवंतनं नकाशा उलटासुलटा करून पाहिला. चूक सापडली नाही. त्याला आतून इतका आनंद झाला की त्यानं कलावतीवर चहा गार दिल्याबद्दल ओरडून घेतलं.

मग त्यानं उस्तादची पट्टी काढली.

भैयालाल उस्ताद म्हणजे ज्यांनी गुणवंतला हातात पटाशी धरायला शिकवलं ते. त्यांच्या तेरवीला तो मझौलीला गेला होता, तेव्हा उस्तादच्या बायकोनं त्यांच्या पेटीतली दोन फुटी पोलादी पट्टी त्याच्या हातावर ठेवली. "ये तुम ही रखो भैया, हमारे यहाँ किसके काम की." पट्टी गंजून काळी पडली होती. गुणवंतनं घरी आणून दोन दिवस एमरी पेपर मारला आणि तिला आरशासारखी लख्ख केली. एका टोकाला काही बारीक अक्षरं होती, तीही गंजाबरोबर गेली. कंपनीचं नाव असेल, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. तेव्हापासून पट्टी फडक्यात गुंडाळून कपाटात होती. त्या पट्टीनं त्यानं कधी काही मोजलं नव्हतं. पोरीच्या पहिल्या मोठ्या कामाला मात्र उस्तादचा हात लागायलाच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं.

"बाबा, टेप आहे न माझ्याकडे," विभा म्हणाली.

"टेप शिंप्याच्या गळ्यात शोभते. तिच्या टोकाचा लोखंडी आकडा ढिला असते, दर मापात अर्धा सूत खाते. ही पट्टी पाह्य. हिच्यावर तोफांचे भाग उभे राह्यले."

दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या अंगणात दहा दिवस करवत चालली. अठरा एमएमचं प्लाय, सरस, स्क्रू, आतून आडवे-उभे आधार. असा खोका उभा राहिला की सांध्यात पत्त्याचं पान शिरू नये. नवव्या दिवशी विभा टेप घेऊन आली.

"एकदा चेक करून घेऊ न बाबा. दो मिनट लगेंगे."

गुणवंतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅटर्न शॉपात एक रिवाज होता. उस्तादनं मोजलं ते दुसऱ्यानं मोजायचं नाही. नवा माणूस मोजू लागला तर लोक हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत. "माह्या मापावर माप? बत्तीस वर्षांत कोणाची हिंमत नाही झाली, अन् तू करून राहिली?" विभानं टेप खिशात टाकली. बाप आपल्यासाठी दहा दिवस राबतो आहे, तर एवढा मान ठेवावा, असं तिला वाटलं असणार.

मंगळवारी सकाळी चार हमालांनी खोका देवीदासजींच्या जिन्यावरून वर नेला. देवीदासजी होते, लक्ष्मणराव होते. खोका उचलून कोनाड्यापाशी धरला. डावी कड आत गेली आणि उजवी ग्रॅनाइटवर टेकली. हमालांनी तिरपा करून पाहिला, उलटा करून पाहिला. अर्धा इंच. नुसता अर्धा इंच जास्त.

गुणवंतच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"कोनाडा कोणी मोजला?" त्यानं विचारलं.

"मी," विभा म्हणाली. "अठ्ठेचाळीस."

"अन् खोका?"

"साडेसत्तेचाळीस लिहिला होता."

"मंग जाऊन काहून नाही राह्यला?"

विभानं टेप काढली, खोक्यावर लावली. तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "बाबा, खोका मोठा झाला. साडेअठ्ठेचाळीस भरून राहिला."

चार लोकांसमोर, त्याच्या कामाबद्दल, त्याच्याच पोरीनं. गुणवंतनं पिशवीतून उस्तादची पट्टी काढली, खोक्यावर ठेवली, पेन्सिलीची खूण केली, पुन्हा ठेवली. "या देवीदासजी. वाचा."

देवीदासजी वाकले. "साडेसत्तेचाळीस."

"बरोबर? आता इकडं या." त्यानं कोनाड्यात पट्टी लावली, खूण केली, पुन्हा लावली. "वाचा."

"सत्तेचाळीस. वर केसभर."

"सत्तेचाळीस!" गुणवंत गरजला. "कोनाडा आहे सत्तेचाळीसचा, अन् ही सांगते अठ्ठेचाळीस! नाचता येईना, अंगण वाकडं! माप चुकवलं हिनं अन् खोका मोठा झाला म्हणते!"

"अरे बेटी," देवीदासजी मान हलवत म्हणाले, "एक इंच? इतना भी नहीं आता? चार साल कॉलेज में क्या किया?"

इथं बापानं गप्प बसायला हवं होतं. कुठलाही शहाणा बाप गप्प बसला असता. पण गुणवंतची जीभ सुटली होती. "कॉलेजात काय, कागदावर रेघा मारल्या! मोबाइलवर पाहून इंजिनियर झाली. हाताले कधी भुसा लागला नाही, अन् चालली काम करायले!"

"बाबा, दोन मापं वेगळी येऊन राहिली," विभा म्हणाली. ती मागे हटली नाही. "एक तर खोटं आहे. कोणतं ते पाहू न."

"उस्तादची पट्टी खोटी?"

त्यानं तिच्या हातातली टेप हिसकावली आणि भिरकावून दिली. ती चकचकीत फरशीवरून घसरत लक्ष्मणरावांच्या चपलेपाशी जाऊन थांबली. लक्ष्मणरावांनी पाय मागे घेतला आणि खाकरले. "हम भी सोच रहे थे अपने यहाँ करवाने का... अब देखते हैं." म्हणजे आता बघणार नव्हते. हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

विभा वाकली, टेप उचलली, आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेली. देवीदासजींनी गुणवंतच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वाईट वाटून नका घेऊ गुणवंतभाऊ. तुमचं काम पक्कं आहे. मुलीला म्हणावं उद्या येऊन आपलं आवाजाचं मशीन घेऊन जा. इतवारला लोक येऊन राहिले माझ्याकडे. तुम्ही छोटा खोका बनवून द्या."

घरी कलावतीला सगळं आधीच कळलं होतं. तिनं ताट वाढलं, पण पाणी दिलं नाही.

"पोरीले शिकवलं कोणं?" ती म्हणाली. "शिका, शिका करून रोज मागं लागलं कोण? तुम्हीच न? मंग चार लोकांत तिच्या शिक्षणाले शिव्या काहून देल्या?"

"चुकली ती!"

"चुकली तर घरी येऊन बोलाव. बाप आहा तुम्ही, पंच नाही." मग तिनं पाण्याचा तांब्या आपटला आणि आत गेली. विभाच्या खोलीचं दार बंद होतं. गुणवंत रागानं जेवला, रागानं झोपला, आणि सकाळी उठला तेव्हाही राग शिल्लक होता.

विभा नऊ वाजता आपलं मशीन आणायला स्कूटीवरून निघून गेली. जाताना तिनं नेहमीप्रमाणे "येते बाबा" म्हटलं नाही. गुणवंत तावातावानं अंगणात आला. नवा खोका करायचा, कोनाड्याच्या खऱ्या मापानं. एक पूर्ण शीट भिंतीला लावून ठेवलेलं होतं. त्यानं ते आडवं केलं, मधोमध रेघ मारायची म्हणून रुंदीवर पट्टी लावली.

सत्तेचाळीस.

त्यानं पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस आणि केसभर. प्लायचं शीट आठ बाय चारचं असतं, ते कोणी मोजून घेत नाही. त्यानंही पहिल्या वेळी घेतलं नव्हतं, थेट तुकडे पाडायला सुरुवात केली होती. म्हणजे बाबारावनं फसवलं! वीस वर्षं ज्याच्याकडून लाकूड घेतलं, त्या बाबारावनं! गुणवंतनं सायकल काढली, पट्टी कॅरियरला लावली आणि कोपऱ्यावरच्या प्लायच्या दुकानात जाऊन थडकला.

"बाहेर ये, चोरा!"

बाबाराव गादीवर बसून चहा पीत होते. "काय झालं बापा सकाळी सकाळी?"

"शीट एक इंच कमी! तू आता इंच-इंच खाऊन राहिला का?"

"डोकं फिरलं का तुमचं? कंपनीचा माल आहे. मोजा न, पूर्ण दुकान पडलं आहे."

गुणवंतनं मोजलं. पहिलं शीट सत्तेचाळीस. दुसरं सत्तेचाळीस. दुसऱ्या कंपनीचं काढायला लावलं, तेही सत्तेचाळीस. मग लांबी मोजली. शहाण्णव हवी, चौऱ्याण्णव भरली. दोन गिऱ्हाईकं उभी राहून बघत होती, त्यामुळे त्याला आणखीच चेव आला. "पाहा! पाहा लोकहो! चार फुटांत एक इंच! आठ फुटांत दोन! सगळ्या कंपन्या सामील आहेत! फुटामागं पाव इंच खातात हे..."

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

फुटामागं पाव इंच. हे शब्द तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत नव्हता. शॉपात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यानं हेच शब्द घोकायला लावले होते. पोलाद ओतलं की थंड होताना आकसतं, फुटामागं पाव इंच. म्हणून पोलादाचा नमुना तेवढा मोठा करायचा. दरवेळी गणित नको म्हणून त्या कामाची पट्टीच वेगळी असते, तिचा एक फूट खरा सव्वाबारा इंचांचा. दिसायला साध्या पट्टीसारखीच. ओळखायला टोकाशी बारीक अक्षरं कोरलेली असतात, तेवढीच.

ती अक्षरं त्यानं स्वतःच्या हातानं एमरी पेपर मारून घालवली होती.

बाबारावांची दोन फुटी पट्टी गादीशेजारी पडली होती. गुणवंतनं ती उचलून उस्तादच्या पट्टीला लावली. दोन फुटांशी उस्तादची पट्टी अर्धा इंच पुढे. तो तिथंच शिटांच्या थप्पीवर बसला.

"गुणवंतभाऊ? पाणी देऊ का?"

"शीट बरोबर आहे," तो म्हणाला. "मी खोटा."

बाबारावांना काही कळलं नाही. पाणी आलं, त्यानं प्यायलं नाही. विभाचं माप बरोबर होतं. कोनाडा अठ्ठेचाळीसच होता. खोका साडेअठ्ठेचाळीसच झाला होता. "कोणतं खोटं ते पाहू न," एवढंच तर ती म्हणत होती, आणि त्यानं टेप फेकली. त्याला राग आला, असा की कालचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता. पण आयुष्यात पहिल्यांदा तो ठेवायला दुसऱ्याचं डोकं सापडेना. उस्तादवर ठेवावा तर त्यांनी अक्षरं कोरलेली पट्टी ठेवली होती. त्याला लाज वाटली.

तिलवारा रोड सायकलनं लांब पडतो. तो पोचला तेव्हा विभा वरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून वायर गुंडाळत होती. देवीदासजी खुर्चीत बसून फोनवर कोणाला तरी "हाँ हाँ, थिएटर के लिए इंदौर वाले ही ठीक हैं" असं सांगत होते.

"लक्ष्मणरावांना बोलवा," गुणवंत दारातूनच म्हणाला.

"काहून?"

"काल ते होते. म्हणून."

लक्ष्मणराव आले. गुणवंतनं पट्टी पुढे धरली. "ही पट्टी पोलादाच्या कामाची आहे. लांब आहे. मी पाह्यलं नाही. विभाचं माप बरोबर होतं, नकाशा बरोबर होता. खोका मी मोठा केला. चूक माझी आहे, तिची एका सुताचीही नाही." इतकं बोलायला त्याला जितका दम लागला तितका सायकलनं येतानाही लागला नव्हता.

मग देवीदासजी मोकळेपणानं हसले. "बस, इतकंच? अहो गुणवंतभाऊ, होते असं! कारागिराचा हात आहे, आधा इंच इधर-उधर हो जाता है. चला, छान झालं. आता तुम्हीच पाहा सगळं. बेटीला राहू द्या."

गुणवंत त्यांच्याकडे बघत राहिला. कालचाच अर्धा इंच. तोच खोका, तोच कोनाडा, तीच माणसं.

"देवीदासजी," तो म्हणाला, आणि आवाज चढला नाही याचं त्यालाच नवल वाटलं. "काल हाच अर्धा इंच तिचा होता, तवा तुम्ही तिचं कॉलेज काढलं. आज माझा निघाला तर तो कारागिराचा हात झाला?"

देवीदासजींचं हसू विझलं.

"अन् तुम्हाले काय बोलू. तिच्या शिक्षणाले तुमच्यापेक्षा जास्त मीच बोललो. पण काम तिचं आहे. मी तिचा मिस्त्री. तिनं ठेवला तर."

लक्ष्मणराव घड्याळ बघायला लागले. देवीदासजींनी घसा साफ केला, "ठीक आहे, इतवारपर्यंत पाहा मग," असं म्हणून ते लक्ष्मणरावांबरोबर खाली गेले. लक्ष्मणराव पुढच्या कामाबद्दल काही बोलले नाहीत.

खोलीत दोघंच उरले. गुणवंतला वाटलं, आता पोरगी रडेल, मग आपणही रडू, आणि मिटेल. विभा रडली नाही. तिनं वायरची गुंडाळी बाजूला ठेवली.

"पट्टी चुकली त्याचा राग नाही मला, बाबा," ती म्हणाली. "वो किसी से भी हो जाता. तुम्ही मोजायच्या आधीच ठरवून टाकलं होतं की मीच चुकली. पट्टी तर नंतर काढली."

गुणवंतनं उस्तादची पट्टी भिंतीशी टेकवून ठेवली.

विभा उठली आणि खोक्याभोवती एक फेरी मारून आली. "पोर्ट उजव्या बाजूला आहे, त्याला हात नाही लावायचा. डावी फळी कापून एक इंच आत घेऊ. आतले आधार तेवढेच कमी करू. हवेचा हिशोब मी रात्री पुन्हा करते." ती त्याच्याकडे न बघता, कोणत्याही मिस्त्रीला सांगावं तसं सांगत होती.

मग तिनं खिशातून टेप काढली. काल फरशीवर घासून तिच्या पिवळ्या डबीला ओरखडा पडला होता. सवयीनं गुणवंतनं हात पुढे केला, माप घ्यायचं ते आपणच, असं बत्तीस वर्षं चालत आलं होतं. विभानं डबी स्वतःच्याच हातात ठेवली आणि पात्याचं टोक ओढून त्याच्या बोटांत दिलं.

टोक धरायचं काम शॉपात हेल्परचं. गुणवंतनं आकडा खोक्याच्या डाव्या कडेला लावला आणि अंगठ्यानं दाबून धरला. विभा पातं ओढत दुसऱ्या कडेपर्यंत गेली आणि वाकली.

"किती?" न राहवून त्यानं विचारलं.

"तुम्ही फक्त धरा," ती म्हणाली. "वाचणार मी."